आकाशाची नाडी

स्थैर्याची उपमा द्यावयाची झाली म्हणजे मराठी माणसाच्या तोंडी ध्रुवाचेच नाव येते. न ढळणाऱ्या पदाला आपण अढळपद म्हणतो, तेही त्या ताऱ्यावरूनच. सारे आकाश फिरत असता उत्तरेचा हा एक तारा जागचा हलत नाही, हे शेतकऱ्याने, खलाशाने आणि रात्रीच्या वाटसरूने पिढ्यानपिढ्या पाहिलेले आहे. आपल्या बेळगाव-निपाणीच्या बाजूस तो क्षितिजापासून अवघा सोळा अंश उंच असतो. हात ताठ पुढे धरून मुठीवर मूठ मांडली, तर दीड मुठीच्या किंचित वर. उत्तरेस डोंगर अथवा एखादे उंच घर आडवे आले तर तो दिसतही नाही.

या अढळ ताऱ्याविषयी ज्योतिर्विद जे सांगतात ते ऐकून पुष्कळांस नवल वाटेल. ध्रुव स्वस्थ नाही. सुमारे चार दिवसांत तो एकदा फुगतो व आकसतो, आणि त्याबरोबर त्याचे तेज किंचित वाढते व कमी होते. हा फरक इतका सूक्ष्म आहे की नुसत्या डोळ्यांस तो कळावयाचा नाही. डेन्मार्कचे ज्योतिर्विद हर्ट्झस्प्रुंग यांनी १९११ साली ताऱ्याची छायाचित्रे मोजून तो सिद्ध केला. वैद्याने मनगटावर बोट ठेवावे आणि नाडी लागावी, तशी ज्यांची नाडी माणसाला लागली आहे अशा असंख्य ताऱ्यांपैकी ध्रुव हा एक होय.

ज्यांचे तेज बदलते अशा ताऱ्यांस मराठीत रूपविकारी तारे म्हणतात. त्यांच्यात दोन मोठे भेद आहेत. काही ठिकाणी दोन तारे एकमेकांभोवती फिरतात आणि एक दुसऱ्याच्या आड आला म्हणजे उजेड कमी होतो. ते एक प्रकारचे ग्रहणच. दुसऱ्या भेदात मात्र आड येणारे कोणी नसते. तारा आपला आपणच फुगतो, आकसतो, तापतो आणि निवतो. यांस स्पंदमान तारे म्हणावे. आजचा आपला विषय हा दुसरा भेद, आणि पृथ्वीवर उभे राहून माणसाने तो कसा ओळखला ही हकिकत.

१५९६ साली फ्रिसलँड प्रांतातील दाव्हिद फाब्रिसियुस नावाच्या एका धर्मोपदेशकाने तिमिंगल समूहात एक तारा पाहिला. काही आठवड्यांनी तो दिसेनासा झाला. लोकांना वाटले, नवा तारा आला आणि विझून गेला. पुढे १६३८ साली हॉलंडच्या होलवार्डा यांच्या ध्यानात आले की तो जातो आणि पुन्हा येतो. त्याचे एक स्पंदन सुमारे ३३२ दिवसांचे आहे. भर तेजात असता तो आकाशातील ठळक ताऱ्यांत शोभतो, आणि ओसरला म्हणजे दुर्बिणीवाचून सापडत नाही. त्याला मीरा, म्हणजे नवलाचा तारा, हे लॅटिन नाव मिळाले. आपल्याकडील संत मीराबाईशी त्या नावाचा काही संबंध नाही, केवळ उच्चाराचे साम्य.

यानंतरची गोष्ट इंग्लंडातील यॉर्क शहरातल्या एका तरुणाची आहे. जॉन गुडरिक याला बालपणापासून ऐकू येत नव्हते. १७८४ साली, वयाच्या विसाव्या वर्षी, त्याने वृषपर्वा समूहातील डेल्टा हा तारा रात्रीमागून रात्र पाहून त्याचे तेज पाच दिवस नऊ तासांच्या आसपास चक्राकार बदलते हे दाखवून दिले. त्याचा शेजारी व स्नेही एडवर्ड पिगट याने त्याच वर्षी गरुड समूहातील ईटा या ताऱ्याचे तेज सात दिवसांहून थोड्या अधिक काळात बदलते हे ओळखले. गुडरिक १७८६ साली, बावीस वर्षे पुरी होण्याआधीच वारला. वृषपर्व्याच्या नावावरून अशा ताऱ्यांस सेफीड म्हणू लागले. आपला ध्रुवही याच जातीचा.

आता एक शंका वाचकाच्या मनात येईल. हवा कधी स्वच्छ, कधी धुरकट. चंद्र कधी असतो, कधी नसतो. मग काल तारा जास्त तेजस्वी होता व आज कमी, हे ठरवावयाचे कशावरून? याचे उत्तर निपाणीच्या माणसाला समजावून सांगावे लागणार नाही. तंबाखूच्या वखारीत पानाची प्रत ठरवताना जाणता माणूस एक पान दुसऱ्या पानाशेजारी धरून पाहतो. वखारीत उजेड कमी असला तर तो दोन्ही पानांवर सारखाच कमी पडतो. त्यामुळे तुलना बिघडत नाही. ताऱ्याच्या तेजालाही आपण प्रत असाच शब्द वापरतो: पहिल्या प्रतीचा तारा ठळक, सहाव्या प्रतीचा डोळ्याला जेमतेम दिसणारा. ज्याचे तेज बदलत नाही अशा दोन शेजारी ताऱ्यांमध्ये आपला तारा कोठे बसतो, एवढेच पाहावयाचे. हवेने तेज घटवले तर तिघांचेही घटते. गुडरिकने हेच केले. आजच्या मोठ्या दुर्बिणींना जोडलेल्या कॅमेऱ्यांनीही प्रकाश मोजताना मूळ युक्ती हीच ठेवली आहे.

परंतु शेजारी तारे ओळखावयाचे तर नकाशा पाहिजे. हे किचकट काम ज्यांनी अंगावर घेतले त्यांत येशूसंघाचे फादर योहान हागेन यांचे नाव मोठे आहे. अमेरिकेतील जॉर्जटाउन वेधशाळेचे ते प्रमुख होते, आणि १९०६ पासून १९३० साली मृत्यू येईपर्यंत व्हॅटिकन वेधशाळेचे. रूपविकारी ताऱ्यांच्या भोवतालचे तारे टिपून, त्यांच्या प्रती ठरवून, त्यांनी नकाशांचा एक विस्तृत संग्रह सिद्ध केला. त्याचे प्रकाशन १८९९ साली सुरू झाले. दूरदूरच्या निरीक्षकांना आपण एकाच ताऱ्याकडे पाहतो आहोत याची खात्री अशा नकाशांमुळे मिळू लागली.

आपला देशही या कामात मागे नव्हता. मद्रासच्या वेधशाळेत चिंतामणी रघुनाथाचारी नावाचे सहायक होते. १८६७ साली त्यांनी दक्षिण आकाशातील रेटिक्युलम या समूहात एक नवा रूपविकारी तारा शोधून काढला. तो मीरेच्याच जातीचा निघाला. त्याचे एक स्पंदन सुमारे नऊ महिन्यांचे आहे. १८७२ साली लंडनच्या रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीने त्यांना आपले सदस्य करून घेतले.

दुसरे गृहस्थ बंगालमधील जेसोरचे राधागोविंद चंद्र. ते शाळेच्या शेवटच्या परीक्षेत तीन वेळा नापास झाले आणि सरकारी खजिन्यात नोकरीस लागले. दिवसा नाणी मोजावयाची आणि रात्री तारे. तीन इंचांची एक लहान दुर्बीण त्यांनी पदरमोड करून घेतली होती. रूपविकारी ताऱ्यांची निरीक्षणे गोळा करणारी एक संस्था अमेरिकेत १९११ साली स्थापन झाली होती. तिच्याकडे ते आपल्या नोंदी टपालाने पाठवू लागले. त्या इतक्या काळजीपूर्वक केलेल्या होत्या की १९२६ साली संस्थेने त्यांना सहा इंचांची दुर्बीण समुद्रापारहून वापरावयास पाठविली. त्यांच्या नोंदींची संख्या पुढे तीस हजारांहून वर गेली. वय झाल्यावर ती दुर्बीण तरुण ज्योतिर्विद वेणू बाप्पू यांच्याकडे सोपविण्यात आली. ज्यांच्या नावाची मोठी दुर्बीण १९८६ पासून तमिळनाडूतील कावलूर येथे उभी आहे, तेच हे बाप्पू. त्यांनीही हैदराबादेत तरुणपणी रूपविकारी तारे पाहूनच या विद्येत पाऊल टाकले होते.

हे तारे धडधडतात तरी कशाने? या प्रश्नाच्या उत्तराचा एक धागा आपल्या मुलखातून गेलेला आहे. १८ ऑगस्ट १८६८ रोजी खग्रास सूर्यग्रहण लागले आणि त्याची छाया विजापूर-जमखंडीवरून गुंटूरकडे गेली. जमखंडीस लेफ्टनंट जॉन हर्शेल हे वर्णपट पाहण्याचे यंत्र घेऊन बसले होते. ढगांची ये-जा चालू असता मिळालेल्या थोडक्या अवकाशात त्यांना सूर्याच्या कडेवरील ज्वाळांत तीन ठळक रेषा दिसल्या: तांबडी, नारिंगी आणि निळी. मधली रेषा सोडियमची असावी असे प्रथम अनेकांस वाटले. त्याच वर्षी ऑक्टोबरात इंग्लंडात नॉर्मन लॉकियर यांनी ती सोडियमच्या रेषांशी जुळत नाही हे दाखविले. पृथ्वीवर तेव्हा ठाऊक नसलेल्या या वायूला सूर्याच्या ग्रीक नावावरून हेलियम म्हणू लागले. पृथ्वीवर तो रॅम्झे यांच्या हाती १८९५ साली लागला.

सेफीड ताऱ्यांचे हृदय चालविणारा वायू हाच. चुलीवर भात शिजत असता पातेल्यावरचे झाकण काय करते ते प्रत्येक गृहिणीने पाहिले आहे. आतली वाफ कोंडते, झाकण उचलते, वाफ निसटते, झाकण पुन्हा बसते आणि पुन्हा वाफ कोंडू लागते. ताऱ्याच्या बाहेरील भागात हेलियमचा एक थर असतो. तो दाबला गेला व तापला म्हणजे त्याच्या अणूंतील उरलेले इलेक्ट्रॉनही सुटतात आणि थर प्रकाशाला अपारदर्शक होतो. आतली उष्णता कोंडते व थराला बाहेर ढकलते. तारा फुगला की थर निवतो, पारदर्शक होतो, उष्णता निसटते, आणि ताऱ्याचे स्वतःचे वजन त्याला पुन्हा आत ओढते. असा झाकणासारखा पडदा असला पाहिजे हे इंग्लंडचे एडिंग्टन यांनी १९१७ च्या सुमारास सुचविले होते. ते झाकण हेलियमचे आहे हे १९५३ साली रशियातील झेवाकिन यांनी गणिताने मांडले.

कोणी म्हणेल, तारे धडधडेनात, आपल्याला त्याचे काय? त्याचे उत्तर हेन्रिएटा लेव्हिट या बाईंच्या कामात आहे. त्या अमेरिकेतील हार्वर्ड वेधशाळेत तुटपुंज्या वेतनावर छायाचित्रांच्या काचा तपासण्याचे काम करीत. त्यांनाही ऐकू कमी येत असे. १९१२ साली त्यांनी एका दूरच्या तारकामेघातील पंचवीस रूपविकारी तारे घेऊन दाखविले की ज्याचे स्पंदन जितके सावकाश, तितका तो तारा मुळात अधिक तेजस्वी. म्हणजे नाडी मोजली की खरे तेज कळते. खरे तेज व दिसणारे तेज यांची तुलना केली की अंतर कळते. अंधारात दूरवर दिवा दिसला, आणि तो कंदील आहे की मोटारीचा दिवा हे कळले, तर तो किती लांब आहे हे आपण अदमासाने सांगतोच की नाही? विश्वाची लांबी मोजण्याची पट्टी माणसाला अशी मिळाली.

१९२३ च्या ऑक्टोबरात एडविन हबल यांनी कॅलिफोर्नियातील शंभर इंची दुर्बिणीतून देवयानी समूहातील तेजोमेघात असाच एक तारा पकडला. त्याचे एक स्पंदन सुमारे एकतीस दिवसांचे होते. त्यावरून तो तेजोमेघ आपल्या आकाशगंगेच्या पुष्कळ बाहेर, स्वतःच एक स्वतंत्र आकाशगंगा आहे, हे सिद्ध झाले. हबल यांचा पहिला अंदाज नऊ लाख प्रकाशवर्षांचा होता. सेफीड दोन प्रकारचे असतात हे वाल्टर बाडे यांनी दाखवून दिल्यावर १९५२ साली अशी अंतरे दुप्पट करावी लागली. आज देवयानीचे अंतर सुमारे पंचवीस लाख प्रकाशवर्षे धरतात. पट्टीतील चूक सापडली तीही आणखी निरीक्षणे केल्यामुळेच.

आता दुर्बिणी अंतराळातही गेल्या आहेत. तेथे हवा नाही, पावसाळा नाही. मग जमिनीवरच्या दुर्बिणींचे काम संपले काय? तसे मुळीच नाही. अंतराळातील केप्लर दुर्बीण २००९ साली गेली आणि २०१८ साली इंधन संपून निवृत्त झाली; एवढ्या अवधीत मीरेची जेमतेम दहा स्पंदने होतात. मीरेच्या नोंदी मात्र चारशे वर्षांच्या आहेत. ध्रुवाचेच पाहा. त्याचा स्पंदनकाल विसाव्या शतकात वर्षाला चार-पाच सेकंदांनी लांबत गेला, आणि तेजातील चढउतार मावळत मावळत शतकाअखेर अगदी क्षीण होऊन पुन्हा वाढू लागला. हे कोणा एका माणसाला एका आयुष्यात दिसले नसते. एकाने नोंद ठेवली, ती दुसऱ्याने पुढे चालविली, म्हणून ते कळले.

शिवाय तारा पाहण्यास रात्र लागते, आणि रात्र पृथ्वीवर फिरत असते. अमेरिकेत दिवस उजाडला म्हणजे तारा तेथून हातचा जातो. पुढचा भाग आशियाने आणि त्यापुढचा युरोप-आफ्रिकेने पाहावा लागतो. या साखळीत भारताची कडी महत्त्वाची आहे. कावलूर व नैनितालच्या दुर्बिणी त्या कडीत आहेत. पुणे जिल्ह्यात जुन्नरच्या बाजूस गिरवली येथे आयुका या संस्थेची दोन मीटर व्यासाची दुर्बीण २००६ साली सुरू झाली. या संस्थेचे संस्थापक संचालक जयंत नारळीकर हे जन्माने कोल्हापूरचे, म्हणजे निपाणीचे शेजारीच म्हणावयाचे. हौशी निरीक्षकांसाठी पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून काम करीत आहे.

हौशी माणसाचे काम कमी लेखू नये. मोठ्या दुर्बिणीला अतिठळक तारा फार प्रखर होतो. तो लहान साधनांनी किंवा डोळ्यांनीच पाहिलेला बरा. २०१९ च्या अखेरीस मृगाच्या खांद्यावरील तांबूस काक्षी मंदावू लागला. फेब्रुवारी २०२० मध्ये तो इतका उतरला की दुसऱ्या खांद्यावरच्या ताऱ्याच्या बरोबरीला आला. ज्याला मृग ओळखता येतो त्याला हे आपल्या अंगणातून दिसले असते. ताऱ्याचे स्वतःचे स्पंदन, पृष्ठभागाचा काही भाग निवणे आणि त्यातून सुटलेली धूळ आड येणे, अशी कारणे पुढे निश्चित झाली.

आता आपल्या घरी करण्याजोगे काम सांगतो. पावसाळा सरला की ऑक्टोबर-नोव्हेंबरात दिवेलागणीनंतर श्रवण हा ठळक तारा डोक्यावर किंवा किंचित पश्चिमेस असतो. त्याच्या दोन बाजूंस दोन तारे पहारेकऱ्यांसारखे उभे असतात. दक्षिणेकडचा फिकट तो बीटा. त्याची प्रत ३.७. तेथून तसेच दक्षिणेस उतरावे. श्रवणापासून एका मुठीहून थोड्या कमी अंतरावर पिगटचा ईटा तारा आहे. दक्षिणेकडे तोंड करून उभे राहिल्यास ईटाच्या उजवीकडे, जरा खाली, आयोटा आहे. त्याची प्रत ४.४. या दोघांच्या मध्ये ईटा वरखाली होत असतो. कधी तो बीटाहूनही सरस दिसतो, कधी आयोटाजवळ येऊन बसतो. सात दिवस चार तासांत त्याचा एक फेरा होतो. चढतो तो दोन-अडीच दिवसांत, उतरतो मात्र सावकाश. साप्ताहिकाच्या वाचकाला यापेक्षा सोयीचा तारा कोणता मिळणार?

साहित्य म्हणजे एक वही, एक पेन्सिल आणि लाल कागदाने मंद केलेली बॅटरी. अंधारात दहा-पंधरा मिनिटे डोळे स्थिरावू द्यावेत. मग तारीख, वेळ आणि ईटाची प्रत लिहावी. तो दोघांच्या बरोबर मध्ये वाटला तर ४.०. पंधरवडाभर रोज एक नोंद करून ती चौकटीच्या कागदावर मांडावी. नाडीची रेघ आपोआप उमटेल. उसाला पाणी पाजण्यासाठी ज्यांना रात्रीच्या विजेची वाट पाहत शेतावर बसावे लागते, त्यांना तर त्या जागरणात ही एक सोबत होईल.

नियम एकच, आणि तो लहान मुलांना आवर्जून शिकवावा. दिसले असेल तेच लिहावे. काल चढला होता म्हणून आज आणखी चढलाच असेल, असे धरून चालू नये. कालचा आकडा झाकून ठेवावा. ढग असले तर ढग होते असे लिहावे. गाळलेली रात्र मनाने भरून काढू नये. राधागोविंद चंद्रांच्या नोंदींना परदेशात मान मिळाला, तो त्यांच्या पदवीमुळे नव्हे, कारण पदवी त्यांच्याजवळ नव्हती. त्यांनी लिहिलेल्या आकड्यावर विसंबता येत होते.

पुणे-बेंगळूर महामार्गालगतच्या गावांत दिव्यांचा झगमगाट वाढत चालला आहे. आयोटासारखे फिकट तारे तेथे दिसेनासे होत आहेत. खानापूरच्या जंगलालगतच्या वाड्यावस्त्यांवर मात्र अजून पुष्कळ अंधार शिल्लक आहे. घरासमोरचा दिवा वर उजेड फेकत असेल तर त्याला पत्र्याची टोपी घालावी, आणि काम झाले की तो मालवावा. आज जमिनीवर पडलेली एक रात्रीची नोंद शंभर वर्षांनी कोणाच्या तरी हिशेबात धरली जाते. परंतु तारा दिसलाच नाही तर नोंद करणार कोण?